लिफ्टचे पैसे

आमच्या लिफ्टला वीस तेत्रीचं नाणं लागतं.
टाकलं की आधी कण्हते, मग हलते.
रुस्तावीतल्या सगळ्या जुन्या इमारतींत असंच,
फुकट फक्त जिना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एतेरी, चौदा किलो.
त्याआधी मी गुडघ्याला हात लावणार नाही."
अशा म्हणाल्या, जणू मी ते तिथेच
तोलून, कागदात गुंडाळून
त्यांच्या टेबलावर ठेवणार होते.

मग फेब्रुवारीपासून जिना.
पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच बसले,
लमाराच्या दाराशी, तिच्या मांजराच्या शेजारी.
लमाराने दार उघडलं. "कोण गेलं गं?"
म्हटलं, अजून कोणी नाही.
तिने पाणी दिलं, आणि सवयीनं
बशीत अक्रोडाची वडी.
मी वडीकडे पाहिलं, मांजराने माझ्याकडे.

वाचलेलं नाणं घरी आल्यावर बरणीत.
कॅलेंडरवर पेन्सिलीची एक रेघ.

स्वयंपाक मात्र थांबत नाही.
जेमालला खाचापुरी लागते,
चीज आत, कडा मुडपून, तव्यावर दोन्हीकडून,
वर लोणी फिरवायचं.
लोणी फिरवताना हात आवरत नाही,
चाळीस वर्षं तो तेच करत आलाय,
त्याला डॉक्टरीणबाई कुठे भेटल्यात?
मी खिडकी उघडते. वास बाहेर जातो
आणि सहाव्या मजल्यावरून कोणीतरी ओरडतं,
"एतेरी, आम्ही माणसं आहोत!"

माझ्यासाठी वांगं, टोमॅटो, ढोबळी मिरची,
तेल चमच्याने, तेही डोळे मिटून.
आंबट आलुबुखाऱ्याची चटणी चालते, हवी तेवढी.
कोथिंबिरीला वजन नाही, हे एक बरं.

पण खरी पंचाईत वेगळीच:
चाखायचं नाही असं ठरवलं
तर मीठ कळणार कसं?
राजम्याच्या पातेल्यात चमचा घालायचा,
तोंडापर्यंत न्यायचा, परत ठेवायचा,
पुन्हा घालायचा, असं दिवसातून किती वेळा.
मी आता वासावर मीठ घालते,
उकळीच्या आवाजावर, अंदाजावर, रागावर.
मार्चभर राजमा खारट होता.
मला ते लमाराकडून कळलं.
जेमाल काही बोलला नाही,
ताटलीवर ताटली खात राहिला,
वर तीन पेले पाणी पीत राहिला.

मे महिन्यात काटा नऊ किलोंनी खाली.
स्कर्टला आत पिन लावली,
आणि बरणी टेबलावर उपडी केली.
कॅलेंडरवर रेघा एकसष्ट.
नाणी एकशे चार.

पुन्हा मोजली. दहादहाचे ढीग केले.
एकशे चार.

जेमाल बाल्कनीत होता, पाठमोरा.
पोलादाच्या कारखान्यात त्याची छाती गेली,
दोन मजले चढला की तो शिट्टीसारखा वाजतो.
मला आठवलं, हल्ली पाव आणायला गेला
की त्याला फार वेळ लागतो.
आल्यावर दारातच उभा राहतो,
चावी सापडत नसल्यासारखा खिसे चाचपत,
चावी हातात असताना.
मी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हणाला असता,
लिफ्ट बंद होती.

बाजारात जाऊन वीस लारीचे अक्रोड घेतले.
म्हातारी नाणी मोजताना पुटपुटत होती,
देवळात दानपेटी फोडलीस का गं?
येताना जिना. चौथ्यावर थांबले,
सहाव्यावर थांबले, वर आले.

बिटाचा पाला वाफवून पिळला,
मूठभर अक्रोड, लसूण, वाळल्या झेंडूची पूड
सगळं खलबत्त्यात.
एक मूठ फक्त. उरलेले उंच फळीवर,
जिथे माझा हात पोचतो पण स्टूल लागतं.

मीठ घातलं.
मग बोट बुडवलं आणि चाखलं.

कमी होतं.