लेबल सुटलेल्या बाटल्या

मे महिन्यात आमच्या बर्फाच्या कारखान्यात
पाहुणे वाढतात.
एरवी ज्यांना माझं आडनाव आठवत नाही
ते घरचं कार्य असल्यासारखे येतात,
हातात काळी पिशवी,
पिशवीत खण् खण्.

मी इथे चिठ्ठ्या फाडते. अमुक होडी, तमुक लाद्या.
दुपारी दोनला भाऊच्या धक्क्यावर
डांबर चपलेला धरून ठेवतं.
अशा वेळी महागाची बियर पिणं म्हणजे
अंगणात अत्तराचा सडा घालणं.
हे माझं मत.
ग्रेगरी घोन्साल्विसचं याहून कडक:
बियर ती, जी तहान भागवते
आणि वर बढाई मारत नाही.

आमची होती पेलिकन. तळोज्याची.
लेबलावर एक पक्षी, इतका बेढब छापलेला
की यल्लप्पा त्याला कोंबडीच म्हणायचा.
"दोन कोंबड्या दे रे,"
आणि वाइन शॉपातला खुशाल
न हसता दोन कोंबड्या द्यायचा.

चव कशी सांगू.
थोडी ओल्या गोणपाटाची,
थोडी तोंडात धरलेल्या नाण्याची.
पहिला घोट कडू, दुसरा काहीच नाही,
तिसऱ्याला मान आपोआप मागे जायची
आणि डोक्यावरचा पत्रा
दोन बोटं वर सरकायचा.

बाकीच्याही होत्या.
बुलडोझरला आम्ही हात लावत नसू.
उन्हात बुलडोझर प्यायलेला माणूस
चारला बायकोला फोन करून माफी मागतो,
साडेचारला भांडतो.
यल्लप्पाचा जावई कुठूनशी एक आणायचा,
साखरपुड्यासारखी गोड.
आणि सम्राट. बरी,
पण फेसच फेस, पेला धुवायला घातल्यागत.

सुरमईच्या क्रेटमध्ये बाटल्या खुपसायच्या,
वर चुरा बर्फ.
अर्ध्या तासात लेबल सुटून यायचं,
कोंबडी एकीकडे, बाटली एकीकडे,
काचेला कधी एखादा खवला.
हिराबाय तांडेल ओरडायची,
"माझ्या मासलीला वास लागंल!"
आणि चहाच्या कपात दोन बोटं घ्यायची.
वास तपासायला.
मी स्टीलच्या पेल्यातून. कुणी विचारलंच तर ताक.

यंदा खुशाल म्हणाला, कोंबडी बंद.
कंपनी कोणीतरी घेतली,
त्यांना पक्षी नको होता.

एक जूनपासून बंदी. होड्या वर ओढणार,
आणि ग्रेगरी लेकीकडे नालासोपाऱ्याला,
कायमचा.
तो म्हणायचा, डोळे बांधा, नाक बांधा,
माझी मी ओळखीन.
तीस वर्षं म्हणायचा. कुणी बांधले नव्हते.

एकतीस तारखेला मी सम्राटच्या दोन
सकाळीच बर्फात पुरल्या.
लेबलं काढून चिठ्ठ्यांच्या पेटीत टाकली.

त्याने पहिला घोट घेतला.
मिशीवर फेस.
यल्लप्पा स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत होता.
हिराबाय अचानक कोलंबी मोजायला लागली,
जी ती कधीच मोजत नाही, वाट्याने विकते.

"हीच," ग्रेगरी म्हणाला.
मग थोड्या वेळाने, "फेस जास्त आहे आज."
"बर्फ जास्त लागला असेल," मी.
"असेल."

पाच वाजेपर्यंत बसलो.
तो त्याच्या जुन्या सायकलीबद्दल बोलला,
कोणाला द्यायची ते काही ठरलं नाही.
दोन्ही बाटल्या संपवल्या त्याने,
तिसऱ्या घोटाला मान मागे नेऊन, रीतसर.

जाताना टेबलावर पैसे ठेवले.
नको म्हटलं, ऐकलं नाही.
कोंबडीचे दोन म्हणजे दोनशे ऐंशी,
हे त्याला झोपेतही पाठ.
नोटा तीनशे वीसच्या होत्या.
सम्राटचा भाव, रुपयाला रुपया.

मी परत मोजल्या.
पंखा फुल होता, उडायला लागल्या,
म्हणून वर
खवला चिकटलेली एक बाटली ठेवली.