दोनच गुण

स्कोअरशीट मी लिहायचो. खात्यातला लाइनमन,
पेन्सिल कानामागे, मांडीवर फळी.
रास्ता पेठेतलं मातीचं कोर्ट, फक्कीच्या रेषा
हाफ-टाइमपर्यंत पायांनी पुसून गेलेल्या.

एस्तेर रणनवरे. टेलिफोन एक्स्चेंज. सात नंबर.
डावरी.
दिवसभर कानाला हेडफोन,
ट्रंक कॉलवर नगर लाव, सोलापूर लाव,
आणि सहाला सायकल चिंचेला टेकवून
खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट चढवायची.

रिंगखाली गर्दी असे. रेल्वेच्या धिप्पाड पोरी.
ही तिथं जायचीच नाही.
चिंचेच्या सावलीचं टोक जिथं कोर्टात शिरायचं
तिथून, गुडघे जरासे मोडून,
पत्र पेटीत टाकावं तसा चेंडू सोडायची.
रिंगला जाळी नव्हती, त्यामुळं आवाजही नाही.
आत गेला की बाहेरून, हे रेफ्रीला
कधी कधी मला विचारावं लागे.

मी लिहायचो: दोन.
लांबच्याला तीन, हे तेव्हा आलंच नव्हतं.
रिंगखाली उभं राहून टाका की चिंचेखालून,
दोन.

शेजारचा निहार परवा म्हणाला,
आजोबा, सगळ्यात भारी कोण?
मी नाव सांगितलं. त्यानं फोनवर शोधलं.
त्या नावाची हडपसरला एक दातांची डॉक्टर निघाली.
रविवारी बंद.

रात्री वही काढली. समास वाळवीनं खाल्लेत,
आकडे शाबूत.
एकाहत्तरची फायनल: एकोणपन्नास–पन्नास. हरलो.
तिचे चोवीस. बारा वेळा दोन.
कुठून टाकला, ते लिहायला वहीत रकाना नाही.
डोळे मिटून मोजले.
नऊ चिंचेखालचे.

सोमवारी शिवाजी मार्केटात भेटली.
केस पिकलेले, काठी उजव्या हातात,
पिशवी अर्थात डाव्या.
म्हटलं, एस्तेरबाई, आजच्या हिशेबानं
आपण आठांनी जिंकलो असतो.
ती हसली. "अहो, मग त्यांनीही लांबून टाकले असते की."
आणि मेथीवाल्याकडे वळली,
"पंधराला देतोस का, नीट सांग."

"त्यांचे गेले नसते," मी म्हणालो.
तिला ऐकू आलं नाही.
त्या कानावर बावीस वर्षं हेडफोन होता.