उणे एक ओळ

औलूत तीन वाजता अंधार पडला.
त्यात विशेष काही नाही, जानेवारीत इथे पडतोच.
राईच्या पावाचा तुकडा दातांत धरून
मी वेन्लाचे पाच बदल उघडले.

पोरीचं पहिलंच काम,
अधिक-उणं काही बोलायचं नाही असं ठरवून बसले,
आणि पडद्यावर सगळं अधिक-उणंच:
हिरव्या ओळी आलेल्या, तांबड्या गेलेल्या.

पहिल्यात नुसतं स्पेलिंग. घेतला.
दुसरा बरा होता, म्हणूनच दोनदा वाचला.
टक्क्यांची बेरीज शंभराच्या किंचित वर जायची
ती आता बरोबर शंभर.
कशी? जास्तीचं तिने 'अज्ञात'मधून कापलं होतं.
लिहिलं: अज्ञाताच्या खात्यातून उचल घेऊ नये.
जे आपल्याला ठाऊक नाही
ते निदान पुरतं दाखवावं.

तिसऱ्यापाशी थांबले.
एकच ओळ, तांबडी.
'वीस मिलिसेकंद थांब' म्हणणारी,
आणि तिच्या डोक्यावर तौनोच्या हातची टीप:
याला हात लावू नका.
कारण नाही, तारीख नाही.
खाली वेन्लाने विचारलं होतं,
हे थांबतंय कुणासाठी?

आमचं हत्यार लहानसंच. काळी खिडकी, सात रकाने.
कोण किती वेळ खातंय, दर सेकंदाला सांगतं.
भीड नाही त्याला कुणाची.
बँकांच्या, बंदरांच्या, इस्पितळांच्या माणसांपुढे
मी ते आरशासारखं धरत आले,
आणि माणसं ओशाळून
आपापला कोड आवरायला जात.

तौनोला फोन लावला.
निवृत्त झाल्यापासून तो समुद्रावर बसतो.
काठावर नव्हे, समुद्रावर.
हातभर बर्फाला भोक पाडून, आत गळ सोडून.
'वीस मिलिसेकंद?' म्हणाला,
आणि मग बराच वेळ नुसता वारा बोलला.
'अगं इर्मेली, ते कागदगिरणीच्या तळघरातल्या मशीनसाठी.
म्हातारी होती. काही विचारलं की दम खायची,
घाई केली की बसायचीच.'
होती म्हणजे?
'भंगारात गेली की. त्याच उन्हाळ्यात.
मी ट्रकपर्यंत सोडायला गेलो होतो.'

ठेवला फोन. कागद घेतला,
हो, कागदच, पेन्सिलही.
सेकंदाला वीस, तर दिवसाची एकोणतीस मिनिटं,
अकरा वर्षांचे ऐंशी दिवस.
ऐंशी दिवस, आणि तेही एकेका मशीनवर.
दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा,
औलूतल्यापेक्षा लांब.
जगाच्या वेळेचा हिशेब ठेवणारं आमचं हत्यार
दर सेकंदाला, अदबीने, टोपी काढून उभं राहत होतं
एका म्हातारीला दम खाऊ द्यायला
जी केव्हाच वितळून
कदाचित कुणाच्या घरची कढई झाली असेल.

आणि हे दिसलं कसं नाही?
दोनशे बारावी ओळ बघा:
यादीतून स्वतःला वगळ.
ती तौनोची नाही. खाली माझी आद्याक्षरं आहेत.

वेन्लाला लिहिलं: काढ ती ओळ, तुझं बरोबर आहे.
पण नोंदीत कारण घाल,
गिरणी, तळघर, दम, ट्रक, सगळं.
कुणीतरी कुणासाठी तरी थांबत होतं
एवढं मागे राहिलं पाहिजे.
आणि दोनशे बारा मीच बदलते आहे,
ते तू तपास. अजिबात भीड धरू नकोस.

मग बदल चढवून चालवून पाहिलं.
आकडे पापणीभर आधी आले.
इतका फरक डोळ्याला कळत नाही, मला माहीत आहे.
तरी मी चार वेळा चालवलं.

चौथ्या बदलात टॅबच्या जागी मोकळ्या जागा होत्या.
परत पाठवला.
पाचवा उद्या. पाव संपला.