खुर्चीत पाय

बावीस वर्षं झाली आर्वी रोडच्या या टपरीत,
बसणारे बदलत गेले, उभा मी एकटाच.
गावातल्या एकूण एक डोक्याची ओळख मला:
कोणाच्या टाळूला दोन भोवरे,
कोणाच्या कानामागं जुना टाका.
गुडघ्याखाली काय चाललंय ते तेवढं
पायजम्यानं झाकून ठेवलं,
माझ्यापासूनही.

बायकोनं पाहिलं.
दोडके सोलत होती,
शिरा वेगळ्या काढत, चटणीसाठी.
म्हणाली, "अवो, या तं तुमच्या पोटरीवर आल्या!"
हसली. मग हसू आवरून
निळ्या गाठीवर बोट ठेवलं,
भाकर शेकली का पाहावं तसं.

उईके सिस्टर पोराला कटिंगला घेऊन आल्या,
पोरगं राहिलं बाजूला.
"रक्ताला वर चढाव लागते, गुणवंतभाऊ.
पोटरी हालली तं चढते. तुम्ही खांबासारखे उभे.
टाचा उचला, संध्याकाळी पांदणीनं चाला,
ज्वारी-अंबाडी खा, कुंथू नका.
सकाळी बाजेवरून उतरायच्या आधी पट्टी.
आलेल्या गाठी जायच्या नाहीत, खोटं कशाला बोलू,
ठणका उतरन.
पण एकच पाय सुजला, तापला,
तं माही वाट नाही पाहायची. वर्धा गाठायचं."

आता कैची चालते तशा टाचाही चालतात,
वर, खाली, वर.
डोमाजी आरशातून विचारते,
"काहून रे, मधीच उंच होतं, मधीच बुटका?"
वस्तरा हाती असला की मात्र
दोन्ही टाचा जमिनीवर.
गळा लोकांचा असते.

दुपारी लाइन जाते. शटर अर्धं ओढतो,
फरशीवर पाठ टेकतो, पाय खुर्चीत.
जिथं सरपंच बसला, हळद लागलेले नवरदेव बसले,
जावळाची रडकी पोरं मांडीवर घेऊन मामे बसले,
तिथं माझ्या टाचा.
पाठीला कोणाचे कोणाचे केस टोचतात.
दिवसभराचं जडपण
मांडीकडून हळूहळू परत येते,
उन्हातून घरी येणाऱ्या म्हशीसारखं,
थांबत थांबत.

आरशात दोन तळवे दिसतात फक्त.
बिनडोक्याचं गिऱ्हाईक.
वाटते, उठावं, त्यांना पांढरं कापड गुंडाळावं
आणि विचारावं अदबीनं,
"बारीक करू, का मध्यम?"

पण उठत नाही.
अजून दहा मिनिटं.