मापाडी

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
अमोस माप घेतो, एकोणीस वर्षं झाली.
गोणी काट्यावर चढायच्या आत
त्याचा खांदा आकडा सांगून मोकळा.

लग्नात पाळकांचा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच
"होय" म्हणाला. अख्खं चर्च हसलं.
मी नाही हसले. मनात आलं,
हा माणूस मला न मोजताच घेतोय.

एकदा गाळ्यावरच्या शेठनं सुचवलं,
गोणीमागं किलोभर कमी लिही, कोण बघतंय.
यानं पेन्सिल कानामागं खोचली
आणि घरी आला.
सतरा दिवस काम नाही.
सतरा दिवस डागी बटाटे, वर माझी धुसफूस:
प्रार्थनेनं सिलिंडर भरत नाही, अमोस.
तो डाग कोरत बसायचा,
सुरीच्या टोकानं, डागापुरताच.

मग बोलावणं आलं दुसऱ्या गाळ्याचं. मजुरी तीच.
बक्षीस म्हणून काय ते एवढंच.

आज रविवार. नेरूळहून रात्रपाळी करून आले,
तर बुटांतून पाय निघेनात.
त्यानं घमेल्यात कोमट पाणी आणलं, मूठभर मीठ,
खाली बसला,
माझं पाऊल तळहातावर तोललं.
डोळे मिटले.
"बारा तास," म्हणाला. "वर अर्धा."

अर्धा कुठला रे?

"बसली असशील कुणाच्या तरी उशाशी."

पाच नंबरची खाट.
मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

उपासनेला उशीर झाला आम्हाला.
पहिलं गीत संपत आलेलं,
आणि चपलेत माझी पावलं
अजून ओली.