उसने चार सेकंद

शहराचं नाव वूच. आमच्या भाषेत होडी.
नदी कुठंय विचाराल तर ती रस्त्याखाली.
गिरण्यांनी रंग सोडून सोडून तिला काळीनिळी केली
आणि मग स्वतःच लाजून झाकून टाकली.

तिमॉननं पहारीनं गटाराचं झाकण उचललं,
बुटाच्या नाडीला माइक बांधून खाली सोडला.
पहाटेचे चार. मी बॅटरी धरून उभी,
कुणी हटकलंच तर आत मांजर पडलंय म्हणायचं ठरलेलं.
वर आला तो आवाज पाण्याचा वाटेचना,
पलीकडच्या खोलीत कुणी भांडी विसळावीत तसा.

असा आमचा पहिला अल्बम.
वाद्य एकही नाही. आम्हाला वाजवताच येत नाही.
आठव्या मजल्यावर अडकणारी लिफ्ट,
दातांच्या डॉक्टरची खुर्ची वर चढताना टाकते तो उसासा,
खारवलेल्या काकड्यांच्या बरणीचं झाकण सुटतं तो टक्
(तो टक् तालाला घेतला. अठ्ठावीस बरण्या उघडल्या,
हिवाळाभर दोन्ही वेळा काकड्याच खाल्ल्या).
सगळं उष्टं.
कुणीतरी वापरून खाली ठेवलेलं,
आम्ही उचलून पुन्हा ओठांना लावलेलं.

रविवारच्या बाजारात वीस झ्लॉटींना
फोनचं आन्सरिंग मशीन मिळालं, आत कॅसेट तशीच.
एक बाई. "मी बोलतेय. उचल ना."
मग श्वास.
मग "बरं".
चार सेकंद, फार तर.
त्या 'बरं'ला आम्ही ताणलं, उलटं केलं,
दोन सप्तकं खाली उतरवलं,
चाळीस वेळा एकामागे एक जोडलं
तेव्हा ते गिरणीच्या भोंग्यासारखं वाजायला लागलं.
पाचवा ट्रॅक. सगळ्यांना तोच आवडला.
एकानं लिहिलं, यात एका शहराचा शोक आहे.
ते कात्रण आम्ही फ्रिजवर चिकटवलं.

तीनशे प्रती. जुन्या गिरणीच्या बॉयलरघरात
एकतीस माणसं, त्यातली नऊ तिमॉनच्या नात्यातली.
सगळं आटोपल्यावर हाल्श्काबाई पुढे आल्या,
हातात भाजीची पिशवी, शेपूची जुडी बाहेर डोकावणारी.
भाच्यानं ऐकवलं म्हणाल्या. तो आवाज माझा.

आम्ही दोघं एकदमच पैशांचं बोलायला लागलो.
त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माझं असू दे. मी मला पाठ आहे.
कॅसेटच्या सुरुवातीला आई आहे.
आम्ही घरी नाही, निरोप ठेवा, असं म्हणते
आणि शेवटी मशीनचेच आभार मानते.
तेवढं हवं होतं."

कॅसेटच्या सुरुवातीला नदी होती.
त्या पहाटे घरात कोरी टेप सापडली नव्हती.

शेजारणीची बरणी रिकामी परत करू नये
एवढं तर आम्हालाही शिकवलेलं.
घालणार काय तिच्यात?
तिमॉननं खुर्ची पुसली, त्या बसल्या नाहीत.
मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले.
अकरा मिनिटं. उभ्यानं.
मध्ये एकदा त्यांनी मान किंचित कलती केली,
आतून कुणी हाक मारल्यावर करतो तशी.
टेप संपल्याचा खटका झाला तरी
त्या ऐकतच होत्या.

मग हेडफोन काढले. केस सारखे केले.
श्वास घेतला.
"बरं."

तोच. त्याच पट्टीतला, फक्त वर चढलेली
बावीस वर्षांची खरखर.

तिमॉनचा हात रेकॉर्डरकडे गेला.
मी नेमकी तेव्हा वायर गुंडाळत होते,
मान खाली घालून, अगदी मन लावून.
हात बटणापर्यंत पोचला की नाही
मी अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या अल्बमचं काम मार्चपासून सुरू आहे.