स्टेपनी

पोदेराचा भोंगा वरच्या वाड्यावर वाजला
की सुरू करायचं,
तो सायकल उतरवत आमच्या पायरीशी आला
की थांबायचं.
हे माझं घड्याळ. कधी चार मिनिटं, कधी सहा,
वाटेत कुणी उधारीवरून हुज्जत घातली तर नऊसुद्धा.
ज्युदोची लढत चार मिनिटांची.
बरोबरीत लांबली तर किती लांबेल
हे तिथंही कुणी सांगत नाही.

क्लास डिचोलीला. परतीची बस साडेसातला,
आणि काजूच्या कारखान्यातली माझी पाळी
सुटते आठला.
म्हणून मयेत, घरामागे, माडाच्या आळ्यापलीकडे
हे असं:

ट्रकची एक फुटकी ट्यूब, आत खाणीची माती,
दोन्ही तोंडं सुंभानं आवळलेली.
वजन कुणी केलंय? खांद्यावर पडली की कळतं.
ती लोखंडासारखी गप्प बसत नाही,
मध्येच कूस बदलते, घसरते,
सुटू पाहणाऱ्या माणसासारखी.
एक चिरा, छातीशी धरून बसायला आणि उठायला.
पेरूच्या फांदीवर जुना गी,
त्याच्या बाह्यांना लोंबकळून हनुवटी वर.
आणि फणसाला बांधलेला पट्टा:
खेच, वळ, वाक.
दिवसाला दोनशे वेळा पाडते मी फणसाला.
तो आहे तिथंच आहे.

मागच्या मार्चात, पेड्याच्या स्टेडियमवर,
बावीस सेकंद उरले होते.
बाहीवरची पकड सुटली. इतकंच.
कुडचड्याच्या जसिंतानं उठायला हात दिला,
तिचा तळवा कोरडा होता.
माझी बोटं काजूच्या तेलानं सोललेली,
पण ते कारण नव्हतं. मला माहीत आहे.

घरी कुणी काही विचारलं नाही.
आईनं तिसऱ्यांचं सुकं जरा जास्त वाढलं.
बाबा ट्रककडे निघून गेले.

खाण थांबली तेव्हापासून ट्रक उभाच.
उजव्या चाकांवर वेल चढलीय.
आरशातल्या स्वतःशी एक दयाळ भांडतो,
रोज सकाळी, चोच रक्ताळेपर्यंत.
ह्या ट्रकची स्टेपनी मी मागितली नव्हती.
ओढून नेली होती.

एका सकाळी बाबांनी बिडी विझवली.
म्हणाले, अंगठ्यानं धरतेस तू.
भरलेला ट्रक, सुर्ल्याचा उतार,
तेव्हा कसलं पॉवर स्टेअरिंग!
खड्ड्यात चाक गेलं की स्टेअरिंग उलटं फिरायचं,
अंगठा आत असेल तर अंगठाच जायचा.
करंगळीनं धर. बाकीची बोटं पाहुणी.

इनासियो सर सहा वर्षं हेच सांगतायत.
ते वहीत राहिलं होतं.

मग पाना दिला हातात.
मागच्या चाकाचे नट, गंजून एकजीव झालेले.
"काढ."
पंधरा दिवस लागले.
"आता परत आवळ."

चतुर्थीच्या आधी भंगारवाला आला.
इंजिन, चॅसी, पत्रा, बॅटरीची पेटी,
वहीत लिहीत गेला. टायर सहा.
"सातवो खंय?"
मी टायर उलटवत होते. एकतीस. बत्तीस.
त्यानं पाहिलं, बाबांनी पाहिलं.
"तो विकपाचो ना."
भंगारवाल्यानं हजार रुपये कापले,
आईनं ते हजार रुपये दिवाळीपर्यंत काढून दाखवले.

क्रेननं ट्रक उचलला तेव्हा
त्याखालची जमीन कोरडी होती, चौकोनी,
आणि एक हरवलेला पाना तिथं पडलेला.
आरसाही गेला.
दयाळ दोन दिवस त्याच उंचीवर
हवेत फडफडत राहिला. भांडायला कुणी नाही.
मग पेरूवर येऊन बसला,
माझ्या गीच्या कॉलरवर.

जा रे, म्हटलं, ही जागा माझी.

वरच्या वाड्यावर भोंगा.
करंगळी. करंगळी.